माडीची कललेली जमीन सपाटीला आणताना

गोव्यातल्या जुन्या घरात माडीची लाकडी जमीन एका बाजूला कलली की पहिला सल्ला बहुतेक वेळा तोच येतो: वरून कोबा ओता, फरशी घाला, काम संपलं. कृपा करून हे करू नका. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २४०० किलो असतं. नुसता ५० मिमी कोबा घातला तरी चौरस मीटरला १२० किलो बोजा वाढतो, आणि चार बाय पाच मीटरच्या खोलीत तो २४०० किलो होतो. माणसं, पलंग, कपाटं असं सगळं धरून राहत्या खोलीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात. त्याच्या निम्म्याहून जास्त वजन आपण एका दिवसात कायमचं चढवणार, तेही आधीच वाकलेल्या तुळईवर. शिवाय ओल्या सिमेंटचं पाणी फळ्यांत मुरतं, वरून हवा बंद होते, आणि खाली लाकूड कुजत असलं तरी कुणाला दिसत नाही.

असं घर ज्यांच्या वाट्याला आलं आहे किंवा ज्यांनी ते हौसेनं विकत घेतलं आहे, पण लाकडी जमिनीच्या कामाला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मोजमाप, पाहणी, पाण्याचा बंदोबस्त ही कामं तुम्ही स्वतः करू शकता. तुळई उचलण्याचं काम अनुभवी मेस्त (म्हणजे सुतार) आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर यांच्याशिवाय करू नका. पण तेही समजून घेतलंत, तर समोरचा माणूस बरोबर करतो आहे की नाही हे तुम्हाला कळेल.

आधी घर कसं बांधलंय ते बघा

पणजीच्या फोंताईन्यशमध्ये, मडगावच्या जुन्या भागात, साष्टीतल्या मोठ्या घरांत माडीची बांधणी थोड्याफार फरकानं सारखी असते. भिंती चिऱ्याच्या, भरपूर जाड, मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या. भिंतीत खोबणी करून त्यात तुळयांची टोकं बसवलेली. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. खालच्या खोलीतून वर पाहिलं की हा कडीपाट उघडा दिसतो. काही घरांत मात्र खालून तक्तपोशी केलेली असते आणि सगळं झाकलेलं राहतं. लाकूड सागाचं, मत्तीचं म्हणजे ऐनाचं, किंदळाचं, कधी फणसाचं. मत्ती हा गोव्याचा राज्यवृक्ष, आणि त्याचं पक्कं लाकूड किती कठीण असतं हे त्यात स्क्रू मारायला गेल्यावर कळतं. मधल्या काळात कुणी डागडुजी केली असेल तर त्यात आंब्यासारखं हलकं लाकूड घुसलेलं असतं. वाळवी आधी तिथे लागते, म्हणून रंगाखाली वेगळं लाकूड दिसतंय का ते नीट पाहा.

हे सगळं उघडं करून पाहायचं असेल तर बार्देशातल्या तोर्डा इथे वास्तुरचनाकार जेरार्ड दा कुन्हा यांनी उभारलेलं ‘हाउझिस ऑफ गोवा’ हे संग्रहालय आहे. गोव्याच्या घराचे भाग एकमेकांत कसे बसतात ते तिथे समजतं. काम सुरू करण्याआधी एक दुपार तिथे घालवा.

उतार मोजायचा कसा

पायाला जाणवतो तो उतार आणि खरा उतार यांत बराच फरक असतो. गोटी सोडून दिशा कळते, माप कळत नाही. माप घेण्यासाठी लेसर लेव्हल भाड्यानं मिळते, पण गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी तितकीच खरी आणि जवळपास फुकट. नळीत पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडा अडकला की सगळी मापं चुकतात. पाण्यात थोडी नीळ घातली की पातळी स्पष्ट दिसते.

एका भिंतीवर जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर पेन्सिलनं खूण करा. नळीच्या मदतीनं तीच पातळी खोलीच्या चारही भिंतींवर आणा आणि सुताला रंग लावून रेघ मारा. ही रेघ खरी आडवी असते, घर कितीही वाकडं असो. आता भिंतीपासून भिंतीपर्यंत त्या पातळीत सूत ताणा आणि दर ६० सेंमीवर सुतापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. सूत झोळ खाणार नाही इतकं ताणलेलं हवं. खोलीचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढून प्रत्येक ठिकाणचा आकडा मिमीमध्ये लिहा. आकडा जितका मोठा, तितकी ती जागा खाली.

मग तेच खालच्या खोलीतून करा. तुळईच्या खालच्या कडेला सूत लावून दोन टोकं आणि मध्य मोजा. वरची जमीन ३० मिमी खाली आणि तुळई फक्त ५ मिमी वाकलेली असेल तर दोष तुळईत नसून कड्यांत किंवा फळ्यांत आहे. खालून मापं न घेता काम सुरू केलं तर मेस्त चुकीच्या जागी टेकू लावतो.

आकड्यांचा नकाशा समोर ठेवून शांतपणे बसा, कारण बरंचसं निदान त्यातच होतं. खोलीच्या मध्यात खळगा असून भिंतींकडे जमीन ठीक असेल, तर तुळया किंवा कड्या वर्षानुवर्षांच्या भारानं झुकल्या आहेत. लाकूड सतत भाराखाली राहिलं की ते हळूहळू वाकलेल्याच आकारात बसतं. अडीच-तीन मीटरवर १० मिमी झोळ असेल आणि लाकूड निरोगी असेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. एका भिंतीच्या कडेला जमीन एकदम खाली जात असेल, तर त्या भिंतीतली टोकं कुजलेली असण्याची दाट शक्यता आहे. सगळी जमीन एका बाजूला एकाच उतारानं कलली असेल तर भिंत किंवा पाया खचला आहे. तिथे सुतारकाम पुढची गोष्ट, आधी इंजिनीअरला बोलवा. आणि मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना उतार असं असेल, तर खाली एखादी आडभिंत किंवा खांब मधल्या भागाला धरून ठेवतो आहे आणि बाजूचं सगळं खाली बसलं आहे. अशा वेळी उंचवटा तासायला जाऊ नका, तोच एक भाग मूळ जागी आहे.

बाल्कनीची किंवा उघड्या व्हरांड्याची जमीन बाहेरच्या बाजूला थोडी उतरती असेल तर ती तशीच राहू द्या. मीटरला एक सेंमीच्या आसपासचा तो उतार पावसाचं पाणी बाहेर काढण्यासाठी मुद्दाम दिलेला असतो. तो सपाट केला की पाणी खोलीकडे वळतं, आणि पुढच्या पावसाळ्यात दाराच्या उंबरठ्याखालची तुळई भिजते.

पाणी कुठून येतं ते शोधा

माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वात महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक सर्वात जास्त घाई इथेच करतात. लाकडाला बुरशी लागायला ओल लागते. ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर राहिलं की कुजणं सुरू होतं. त्याच्या खाली ठेवलं तर दोनशे वर्षांची तुळईसुद्धा टणक राहते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर. त्यामुळे घराच्या नैर्ऋत्य आणि पश्चिम बाजूच्या भिंतीतली तुळयांची टोकं आधी तपासा.

पाहणीसाठी सर्वात चांगला महिना जुलै. पाऊस जोरात असताना माळ्यावर बॅटरी घेऊन चढा. सरकलेलं कौल, दोन छपरांच्या मधल्या पन्हळीत अडकलेली पानं, भिंतीवर उतरलेला पिवळट डाग, सगळं त्या वेळी दिसतं. एप्रिलमध्ये हीच भिंत कोरडी आणि निरपराध दिसते. पेन्सिलनं डागाच्या कडेला तारीख लिहून ठेवा.

छपराखेरीज आणखी काही गुन्हेगार नेहमीचे आहेत. माडीवर नंतर काढलेलं न्हाणीघर हा त्यांतला पहिला. त्याच्या टाइल्सच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी थेट कड्यांवर जातं. एसीच्या नळीचं पाणी भिंतीवर सोडलेलं असतं. रस्ता वर्षानुवर्षं उंच होत गेल्यानं पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीच्या पायाशी बसतं. आणि चिऱ्याच्या भिंतीवरचा जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा गिलावा केलेला असतो. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि चुन्यातून ते बाहेर सोडतो. सिमेंटनं तो रस्ता बंद होतो आणि ओल तुळईच्या टोकाकडे जाते. तुळईच्या आसपासच्या पट्ट्यात तरी सिमेंट खरवडून पुन्हा चुना करा. पूर्वी गोव्यात शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा होत असे. आता साधा विरवलेला चुना मिळाला तरी चालेल.

मोठ्या घरांत कधीकधी खालच्या दिवाणखान्याची जमीनही फळ्यांची असते आणि तिच्याखाली पोकळी असते. त्या पोकळीला जोत्यात जाळीच्या खिडक्या ठेवलेल्या असतात. साप-उंदरांच्या भीतीनं लोक त्या विटा लावून बुजवतात. विटा काढा, बारीक जाळी लावा.

टोच्या आणि कान

आता लाकूड तपासायचं. लागणारं सामान साधं: टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर, हातोडी, बॅटरी, आणि जमल्यास सुया टोचून ओलावा दाखवणारा मीटर. तुळईच्या प्रत्येक टोकाशी, भिंतीलगतच्या दोन हात भागात, खालून आणि दोन्ही बाजूंनी टोचून पाहा. निरोगी ऐनात टोच्या जेमतेम खूण करतो. तो सहज ५ मिमीपेक्षा जास्त आत गेला, लाकडाचे चौकोनी तुकडे पडू लागले किंवा कुबट वास आला तर ते टोक गेलेलं आहे. हातोडीनं हलकेच ठोकत पुढे जा. टणक लाकडाचा आवाज खणखणीत, पोखरलेल्याचा बद्द.

मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून लाकडाकडे जाताना दिसल्या तर ती वाळवी. जमिनीवर पिठासारखा बारीक भुसा आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं असतील तर ते लाकूड पोखरणारे किडे. किडे बहुधा बाहेरच्या फिकट, कोवळ्या लाकडात राहतात आणि आतला गाभा शाबूत असतो, म्हणून भोकं पाहून घाबरू नका. टोच्यानं खोली मोजा. वाळवीचं तसं नाही. ती वरचा पापुद्रा ठेवून आतून खाते, म्हणून रंगवलेली, वरून सुंदर दिसणारी तुळई जास्त काळजीनं तपासा.

भिंतीला तडे असतील तर त्यांच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावून तारीख टाका, किंवा काचेची पातळ पट्टी चिकटवा. पावसाळा संपेपर्यंत ठिपका फुटला नाही तर तडा जुना आहे, थांबलेला आहे. फुटला तर भिंत अजून हलते आहे, आणि हलत्या भिंतीत बसवलेली जमीन सपाट करण्यावर पैसे घालू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके जाणारे रुंद तडे, बाहेर फुगलेली भिंत, खोबणीतून सरकलेली तुळई यांतलं काहीही दिसलं तर त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका आणि इंजिनीअरला लगेच दाखवा.

परवानगी आणि भागीदार

फोंताईन्यशसारख्या संवर्धन क्षेत्रात घर असेल तर बाहेरून दिसणाऱ्या कुठल्याही बदलाआधी पालिकेत चौकशी करा. जुन्या गोंयकार घरांना बहुधा अनेक वारस असतात, आणि त्यांतले काही परदेशी. तुळई बदलणं हे किरकोळ काम नाही. भागीदारांची लेखी संमती आधी घेतलेली बरी. नाहीतर अर्धवट उचललेल्या माडीवर काम थांबवावं लागतं, आणि ती स्थिती सर्वात धोक्याची.

तुळई उचलणं

कामाचे महिने नोव्हेंबर ते एप्रिल. गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून मेच्या मध्यापर्यंत छप्पर आणि भिंती बंद झालेल्या हव्यात. नवीन लाकूड दिवाळीच्या आधी आणून त्याच घरात, हवेशीर जागी, मधे पट्ट्या घालून रचून ठेवा. ओल्या लाकडाची कडी बसवली तर ती वाळताना आकसते, पिळते, आणि तुम्ही केलेली सपाटी वर्षात बिघडते.

आधी माडी रिकामी करा. कपाटं, ट्रंका, पुस्तकं, सगळं खाली. वरच्या मजल्यावर छपराचा भार घेणारे खांब त्या तुळईवर उभे आहेत का ते पाहा. असतील तर तुळई उचलताना छप्परही उचललं जाणार, कौलं सरकणार, आणि हिशोबच वेगळा होणार. तो हिशोब इंजिनीअरनं करायचा. विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ तुळईला घट्ट बांधलेले असतील तर सैल करा.

खाली टेकूसाठी पाया हवा. जुन्या मोझाइकच्या किंवा लाल कोब्याच्या जमिनीखाली कधीकधी नुसती भर असते, म्हणून टेकू थेट जमिनीवर ठेवू नका. किमान ५ सेंमी जाडीचा रुंद पाट घाला म्हणजे भार पसरेल. वरच्या बाजूलाही टेकू आणि तुळई यांच्या मधे जाड लाकडाचा तुकडा हवा, नाहीतर लोखंड लाकडात रुततं. टेकू ओळंब्यात उभे हवेत. तिरका टेकू भार आला की निसटतो.

उचलण्यासाठी हायड्रॉलिक जॅक, धरून ठेवण्यासाठी स्क्रूचे लोखंडी टेकू, अशी विभागणी ठेवा. जॅकनं थोडं उचललं की शेजारचा टेकू आवळून भार त्याच्यावर घ्या. रात्रभर नुसत्या जॅकवर तुळई कधीच ठेवू नका; तेल गळतं आणि जॅक बसतो. जॅक सुरू असताना त्या तुळईखाली फक्त जॅक चालवणारा, तोही बाजूला उभा. वरच्या खोलीत कुणी नाही, घरातली मुलं त्या दिवशी दुसरीकडे.

आणि वेग. दिवसाला दोन-तीन मिमी, त्याहून जास्त नाही. चुन्याच्या गिलाव्याचं, मातीत बांधलेलं घर असेल तर एक दिवस उचलायचं, एक दिवस सोडायचं. लाकूड कुरकुरतं, ते चालतं. फटकन मोठा आवाज आला, गिलाव्याचा पोपडा पडला, दार अडकू लागलं की थांबा आणि मागच्या मापावर परत या. दुखऱ्या सांध्याला मालीश करणाऱ्या हातासारखी सबुरी इथे लागते. मेस्ताला रोजंदारीवर ठेवलं की त्याला दिवसातून अर्धा तासच काम उरतं, म्हणून तो घाई करतो. याच काळात त्याला दारं-खिडक्या, कठडे, छपराची कामं द्या. जॅकला रोज दोन मिमी मिळतात आणि मेस्ताचा दिवसही भरतो.

किती उचलायचं? पूर्ण सपाट होईपर्यंत उचलायचा हट्ट धरू नका. झोळ निम्मा निघाला आणि तुळई टेकूवर न कुरकुरता बसली की पुरे. तिच्या आसपासच्या चौकटी, जिना, आडभिंती या वाकडेपणाशी जुळवून घेत आल्या आहेत. तुळई सरळ केली की त्या मोडतात. उरलेली सपाटी कड्यांवर साधायची.

कुजलेलं टोक

तुळईचा मधला भाग उत्तम आणि भिंतीतलं टोक कुजलेलं, असं गोव्यात वारंवार दिसतं. अशा वेळी अख्खी तुळई काढणं म्हणजे लाकडाचा आणि पैशाचा नाश. भिंतीपासून साधारण पाऊण मीटर आत टेकू लावून भार घ्या. कुजलेला भाग कापा आणि त्यापुढे टणक दिसणारं लाकूडही थोडं कापा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते.

जोड देण्याची सोपी आणि भरवशाची पद्धत म्हणजे दोन्ही बाजूंना नवीन लाकडाच्या जाड फळ्या, तुळईएवढ्याच उंचीच्या, बोल्टनं आवळणं. या फळ्या भिंतीत जातात आणि जुन्या, टणक भागावरही पुरेशा लांब येतात. तुळईच्या उंचीच्या तीन-चार पट तरी त्यांनी जुन्या लाकडाला धरलेलं हवं. बोल्ट १२ मिमीचे, मोठे वॉशर, आणि एका रेषेत न ठेवता खालीवर, नाहीतर लाकूड त्या रेषेत फाटतं. भार जास्त असेल तर लाकडाऐवजी लोखंडी चॅनेल घालतात. चॅनेलचा आणि बोल्टचा आकार इंजिनीअरकडून घ्या. समुद्राच्या जवळ साधं लोखंड लवकर गंजतं, म्हणून गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस वापरा, आणि चॅनेलला बसवण्याआधी सगळ्या बाजूंनी गंजरोधक रंग द्या.

भिंतीतली खोबण नीट करणं हे तितकंच मोलाचं. टोक ज्यावर बसतं तिथे कठीण दगडाचा किंवा ग्रॅनाइटचा सपाट तुकडा चुन्यात बसवा आणि त्यावर ओल अडवणारा थर घाला. टोकाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे दोन-अडीच सेंमी मोकळी हवा ठेवा. काम आवरताना गवंडी ती फट सिमेंटनं बुजवायला पाहतो, कारण ती दिसायला बरी नाही. त्या दिवशी तिथे उभे राहा आणि फट बुजवू देऊ नका. जाळी लावा, हवा राहू द्या.

कापलेल्या प्रत्येक टोकाला औषध लावा. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स गरम पाण्यात विरघळवून केलेलं द्रावण बुरशी आणि किडे दोन्ही रोखतं. मात्र ते पाण्यानं धुऊन जातं, म्हणून भिजणाऱ्या जागी त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे काजूच्या टरफलाचं तेलही लाकडाला लावतात. ते वाळवीला चांगलं आवरतं, पण कातडीला भाजतं. जाड हातमोजे आणि लांब बाह्यांशिवाय त्याला हात लावू नका.

कड्या सपाटीला आणणं

इथून पुढचं काम शांत आणि समाधानाचं आहे. आधी फळ्या काढायच्या. प्रत्येक फळीच्या खालच्या बाजूला खडूनं क्रमांक आणि दिशा लिहा, फोटो काढा. जुने खिळे वरून उपटायला गेलात तर फळी फाटते; खालून ठोकून डोकं वर काढा, मग ओढा. दीडशे वर्षं पिकलेली सागाची फळी आज कुठल्या वखारीत मिळत नाही, हे कामगाराला सुरुवातीलाच सांगा.

आता नवी पातळी कुठे ठरवायची? सर्वात उंच जागेवरून ठरवावी असं वाटतं, पण आधी जिन्याची शेवटची पायरी आणि दारांचे उंबरठे पाहा. जमीन ४० मिमी वर गेली तर शेवटची पायरी बाकीच्यांहून उंच होते आणि रात्री उतरताना माणूस तिथेच अडखळतो. दारं घासतात, कठड्याची उंची कमी होते. म्हणून जिन्याचं तोंड पक्कं धरा आणि तिथून पातळी न्या. गरज पडली तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला सेंटिमीटरभर उतार राहू द्या. दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली पाच-सहा मिमी फट राहिली तर जुन्या घरासाठी ती उत्तम सपाटी आहे.

कडी थोडी खाली असेल तर तिच्यावर उतरती पट्टी बसवा. कडीच्या दोन टोकांवर ठरलेल्या पातळीला सूत ताणा, दर ३० सेंमीवर सुतापासून कडीपर्यंतची फट मोजा, ती मापं पट्टीवर उतरवून करवतीनं आणि रंध्यानं आकार द्या. पट्टीचं टोक तीन मिमीपेक्षा पातळ होत असेल तर ते तिथेच तोडा आणि पुढे प्लायचा पातळ तुकडा घाला. पट्टी गोंद आणि स्क्रू दोन्हींनी धरा. पाचर मारून उंची साधणं टाळा. पाचर वापरात सैल होते आणि पावलागणिक आवाज करू लागते.

फरक तीन-चार सेंमीहून जास्त असेल किंवा कडी कमकुवत असेल तर तिच्या बाजूला नवी जोडकडी लावा, तिची वरची कड नव्या पातळीला ठेवून. नवी कडी जुनीला बोल्टनं दर ४० ते ६० सेंमीवर आवळा. जुनी कडी तिथेच राहू द्या; ती अजून भार घेते आणि खालून घराचा चेहरा तोच राहतो. ऐनासारख्या लाकडात आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारू नका, तो मधेच तुटतो. स्क्रूला मेण किंवा साबण लावला की सोपं जातं.

सगळ्या कड्या झाल्या की त्यांच्यावर लांब सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी फिरवा. जिथे पट्टी डुलते तिथे रंधा मारा. या एका तासात जी काळजी घ्याल ती पुढे रोज पायाखाली जाणवेल.

फळ्या परत

खालून तक्तपोशी असेल तर तिच्यावर साठलेली धूळ, उंदरांची घरटी आणि जुना भुसा साफ करा. अशी संधी पुन्हा लवकर येत नाही. फळ्या मूळ क्रमानं बसवा. कुजलेला तुकडा कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड द्या, आणि जोड कडीच्या मध्यावर येऊ द्या. भिंतीच्या कडेला सर्व बाजूंनी १० ते १२ मिमी फट सोडा. पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते आणि फट नसेल तर मधे उचलली जाते. फट तळपट्टीखाली झाकली जाते. तळपट्टी भिंतीला मारा, फळीला नाही.

फळ्यांखाली प्लाय घालायचाच असेल तर पाण्यात टिकणारा, आयएस ७१० चा घ्या. स्वस्तातला साधा प्लाय गोव्याच्या पावसाळ्यात पापुद्रे सोडतो. वरून प्लास्टिकसारखं जाड पॉलिश करण्यापेक्षा मेण किंवा तेल बरं. लाकूड श्वास घेतं आणि पुढे एखादी फळी दुरुस्त करायची झाली तर तेवढ्याच जागी करता येते.

टेकू लगेच काढू नका. आठवडाभर त्यांना स्क्रूनं थोडं थोडं सैल करत जा आणि रोज भिंतीवरच्या त्याच आडव्या रेघेपासून मापं घ्या. एक-दोन मिमी बसणार, ते धरून चाला. त्याहून जास्त बसत असेल तर जोड सरकतो आहे. टेकू पुन्हा आवळा आणि बोल्ट तपासा.

ती रेघ रंगाखाली जाण्याआधी एका कोपऱ्यात पितळी खिळा ठोकून तिची जागा कायम करा. कागदावरचा आकड्यांचा नकाशा, तुळईच्या टोकांचे फोटो आणि कुठे कुठलं लाकूड घातलं याची नोंद घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढच्या ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येच्या भिंतीतली टोकं ओलावा-मीटरनं पुन्हा तपासा. आकडा २० च्या खाली असेल तर पुढची तपासणी वर्षानं. वर असेल तर पन्हळ आणि कौलं पाहायला त्याच दिवशी माळ्यावर चढा.